भाव पडला की अमेरिकेचं नाव: तुमची मासळी खरंच तिकडे जाते का?

ऑगस्ट २०२५ पासून मासळीच्या धंद्यात एक कारण फार सोयीचं झालं आहे. लिलावात भाव कमी लागला, सोलायच्या कामाचे दिवस घटले, व्यापाऱ्याने पैसे लांबवले, की उत्तर ठरलेलं: "अमेरिकेने टॅक्स लावला, माल उठत नाही." काही मालाच्या बाबतीत हे खरं आहे, काहींच्या बाबतीत अर्धं खरं, आणि काही मासळीशी त्याचा थेट काहीही संबंध नाही. आपली मासळी यांपैकी कुठे बसते हे माहीत असेल, तर निदान पुढचा प्रश्न विचारता येतो. म्हणून हा लेख. माहिती डिसेंबर २०२५ पर्यंतची आहे.

या संकेतस्थळाचं काम चेन्नईतून चालतं, म्हणून काही उदाहरणं इथल्या कासिमेडू बंदराची आहेत. पण मिरकरवाडा, ससून डॉक, देवगड, मालवण इथला व्यवहार याहून फार वेगळा नाही. भाषा आणि माशांची नावं बदलतात, मासळीची वाट बहुतेक तीच.

शुल्क नेमकं कशावर

अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के आयात शुल्क लावलं. कोळंबीवर त्याआधीपासून दोन वेगळी शुल्कं होतीच. सगळं धरून भारतीय कोळंबीवरचा बोजा सुमारे ५८ टक्क्यांवर गेला. हे पैसे भरतो अमेरिकेतला आयातदार, त्याच्या बंदरात. पण तो ते खिशातून जाऊ देत नाही. तो इथल्या निर्यातदाराला दर कमी करायला लावतो, निर्यातदार तलाववाल्याला आणि पुरवठादाराला, आणि असं करत करत ते ओझं जिथे पुढे ढकलायला कुणी उरत नाही तिथे येऊन थांबतं.

आकडे पाहिले तर धक्का केवढा ते कळतं. २०२४-२५ या वर्षात भारतातून १६ लाख ९८ हजार टन मासळी बाहेर गेली, किंमत ६२,४०८ कोटी रुपये. डॉलरमध्ये मोजलं तर यातला दोन तृतीयांशाहून जास्त पैसा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा. सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका: २७१ कोटी डॉलरचा माल, आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त गोठवलेली कोळंबीच. दुसरा चीन. गंमत अशी की वजनात चीन अमेरिकेपेक्षा जास्त माल घेतो, पण पैसे निम्म्याहून कमी देतो, १२७ कोटी डॉलरच्या आसपास. कारण चीनला जातो त्यात स्वस्त मासळीचा वाटा मोठा असतो. बळा म्हणजे मोठी वाकटी, ढोमा, असा माल.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेला जाते ती कोळंबी समुद्रातली नाही. ती तलावात वाढवलेली वन्नामेई जातीची, बहुतेक आंध्र प्रदेशातली. समुद्रात पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिकेने २०१९ पासून बंदच केली आहे. कारण टॅरिफ नाही, कासव. ट्रॉलच्या जाळ्यात समुद्री कासवं अडकून मरतात, आणि कासवाला बाहेर पडायची वाट ठेवणारं साधन आपल्या जाळ्यांना लावलेलं नव्हतं, म्हणून ही बंदी.

म्हणजे तुमच्या होडीने आणलेली चैती, कापशी किंवा करंदी ऑगस्टच्या आधीही अमेरिकेला जात नव्हती. तिचा भाव पाडताना कुणी अमेरिकेचं नाव घेत असेल, तर "ही कोळंबी कुठल्या देशाला जाते?" असं सरळ विचारावं. जपान, युरोप, चीन, आखाती देश किंवा मुंबईचं हॉटेल, यांपैकी काहीतरी उत्तर येईल. यांतल्या कुणीही ते पन्नास टक्के लावलेले नाहीत.

मग काहीच परिणाम नाही का? आहे, पण आडवाटेने. अमेरिकेला न गेलेली तलावाची कोळंबी समुद्रात परत सोडता येत नाही. ती दुसऱ्या देशांत आणि आपल्याच शहरांच्या बाजारात येते, आणि समुद्राच्या कोळंबीला भाव खाली खेचायला भाग पाडते. शिवाय एकाच कारखान्यात कोळंबी, म्हाकूळ, मासे असं सगळं चालतं. अमेरिकेची ऑर्डर बुडाली की मालक पाळ्या कमी करतो, आणि त्या दिवशी म्हाकूळ साफ करणाऱ्या बाईलाही घरी बसावं लागतं.

तिसरी वाट फार कमी लोकांच्या लक्षात येते. जाळ्यात येणारी बारीक मासळी, जी खाण्यासाठी विकली जात नाही, ती सुकवून-दळून भुकटी करायला जाते. साधारण चार-पाच किलो ओल्या मासळीची एक किलो भुकटी होते. ही भुकटी कोळंबीच्या खाद्यात पडते. म्हणजे कोकणातली बारीक तारली आंध्रच्या तलावात जाते, तिथून कोळंबी होऊन अमेरिकेला. तलाववाल्याने पुढच्या हंगामात कमी बी सोडलं की खाद्य कमी लागतं, आणि मग भुकटीच्या कारखान्यातला दर हलतो. हा परिणाम खरा आहे, पण त्याला महिने लागतात. शुल्क लागल्याच्या दुसऱ्या दिवशी भाव पडला असेल तर तो या वाटेने पडलेला नाही, एवढं नक्की.

म्हाकुळाची वाट

आता तुमच्याकडून निघालेला माल पुढे कुठून कुठे जातो ते पाहू. उदाहरणाला म्हाकूळ घेऊ. कुठे माकूळ म्हणतात, कुठे नळ, चेन्नईत कणवाय.

कासिमेडूचा लिलाव पहाटेच्या अंधारात सुरू होतो. तिथे बोली लावणारा बहुतेक वेळा कारखान्याचा माणूस नसतो. तो पुरवठादार असतो, आणि अनेकदा त्याने होडीच्या मालकाला डिझेल-बर्फासाठी आधीच उचल दिलेली असते. उचल दिली की माल त्यालाच. भाव ठरण्याची पहिली जागा ही: समुद्र नाही, परदेश नाही, उचलीची वही. कोकणातही हीच रीत आहे आणि तिथल्या वाचकांना ती समजावून सांगायची गरज नाही.

पुढे बर्फात घालून माल कारखान्यात जातो. तिथे डोकं, शाई, आतला काटा, साल काढतात. हे काम हाताने होतं आणि बहुतेक बायका करतात. कोळंबीचं डोकं आणि साल काढलं की वजन निम्म्याच्या आसपास राहतं. म्हणून दर ऐकताना "सोललेल्याचा की सालासकट?" हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नये. साफ केलेला माल प्रतवारी लावून ट्रेमध्ये भरतात, उणे ४० अंशांच्या प्लेट फ्रीजरमध्ये गोठवतात, वरून बर्फाचा पातळ थर देतात, आणि मग उणे १८ अंशांत साठवतात. एका मोठ्या थंड कंटेनरमध्ये वीस-पंचवीस टन माल जातो. विशाखापट्टणम आणि न्हावाशेवा ही अशा मालाची देशातली दोन मोठी बंदरं.

म्हाकूळ स्पेन-इटलीला जाते, चीनलाही जाते. पण "जाते" म्हणजे तिथे लगेच खाल्ली जाते असं नाही. अनेकदा ती एखाद्या देशात फक्त कामासाठी उतरते. पुन्हा वितळवायची, कापायची, पीठ लावायचं, नव्या पाकिटात भरायची आणि तिसऱ्या देशात विकायची. आपल्याकडची कोळंबी व्हिएतनामला जाऊन तिथे पाकीटबंद होते आणि पुढे निघते. हे फक्त भारताचंच आहे असंही नाही. नॉर्वेजवळ पकडलेला कॉड मासा गोठवून चीनला पाठवतात, तिथे त्याचे काटे काढून तुकडे करतात, आणि तोच मासा परत युरोपच्या दुकानात येतो. इतका लांबचा फेरा परवडतो, कारण काटे काढणाऱ्या हातांची मजुरी तिकडे कमी पडते. पाकिटावर देश लिहिलेला असतो तो बरेचदा शेवटचं काम झालं त्या देशाचा.

आपल्याकडे याचं सर्वांत चांगलं उदाहरण रत्नागिरीत आहे. राणी मासा पूर्वी फार भावाचा नव्हता. त्याचं मांस काढून, पुन्हा पुन्हा धुऊन, वाटून, थोडी साखर घालून गोठवलं की सुरिमी तयार होते. जपानमध्ये तिच्या वड्या, कांड्या होतात; खेकड्याच्या मांसासारख्या दिसणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्या तुम्ही मोठ्या दुकानात पाहिल्या असतील, त्यात खेकडा नसतो, बहुतेक ही सुरिमीच असते. म्हणजे कोकणातल्या माणसाने रत्नागिरीचाच मासा परदेशी नावाने विकत घेणं अगदी शक्य आहे.

पैसा वाढतो तो या प्रत्येक थांब्यावर, आणि वाढतो कामामुळे: सोलणं, कापणं, धुणं, भरणं. लिलावातल्या किमतीत आणि परदेशी दुकानातल्या किमतीत जे अंतर असतं त्यात वाहतूक, वीज, व्याज, नफा हे सगळं असतं, पण त्याची सुरुवात कुणाच्या तरी हातातल्या सुरीपासून होते.

मासळीला कागद, माणसाला नाही

या सगळ्या प्रवासात मासळीचे कागद मात्र चोख असतात. युरोपात समुद्राची मासळी न्यायची तर २०१० पासून पकड प्रमाणपत्र लागतं: कुठल्या होडीने, कुठल्या पाण्यात, कधी पकडली. ते प्रमाणपत्र सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एमपीडा, तपासून देतं. कारखान्याला मान्यता लागते, प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रत्येक पेटीवर तुकडीचा क्रमांक असतो. सप्टेंबरमध्ये युरोपीय संघाने भारतातल्या आणखी १०२ कारखान्यांना मान्यता दिली. अमेरिकेचं दार जड झालेलं असताना ही चांगलीच बातमी.

ही कागदांची शिस्त आपोआप आलेली नाही. १९९७ मध्ये युरोपने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळी बंद केली होती. त्या धक्क्याने कारखान्यांना फरशी, पाणी, बर्फ, हातमोजे, सगळं बदलावं लागलं. माल कुठल्या हातातून गेला याची नोंद ठेवणं तेव्हापासून घट्ट झालं. पण नोंद मालाची. ज्या हातातून तो गेला त्या हाताची नोंद आजही कितीतरी ठिकाणी ठेकेदाराच्या वहीत, नुसत्या टोपणनावाने असते. पेटीत दोष निघाला तर ती पेटी कुठल्या दिवशी, कुठल्या टेबलावर भरली हे काही तासांत शोधता येतं. त्या टेबलावर बसलेल्या बाईला सहा महिन्यांनी "मी इथे काम केलं" हे सिद्ध करता येत नाही.

टॅरिफच्या काळात हा फरक पैशात दिसतो. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने निर्यातदारांसाठी २०,००० कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला हमी देणारी योजना मंजूर केली, आणि रिझर्व्ह बँकेने अडचणीतल्या निर्यातदारांना हप्त्यांमध्ये सवलत दिली. हे करायलाच हवं होतं; कारखाना बंद पडला तर कुणाचंच भलं नाही. पण ही मदत मिळते ती ज्यांचं खातं, ज्यांची कर्जाची नोंद, ज्यांचा निर्यातीचा परवाना आहे त्यांना. पाळी बुडालेल्या बाईचं नुकसान कुठल्याच कागदावर नाही, म्हणून ते कुठल्या योजनेत मोजलंही जात नाही. यात कुणाचा दुष्टपणा असावा लागत नाही. योजना जे लिहिलेलं आहे तेच वाचते.

म्हणून, कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करत असाल तर दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, नेमणूक पत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं बंधन आहे. दुसरी, ईएसआय. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ते लागू होतं, ठेकेदाराचा कामगार असला तरी. किलोवर किंवा टोपलीवर पैसे मिळतात म्हणून "तुम्हाला लागू नाही" असं कुणी सांगितलं तर ते मानू नका.

नाव कुठे लागतं

मत्स्यव्यवसायापुरतं सांगायचं तर आता सर्वांत महत्त्वाची नोंद राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावरची, म्हणजे एनएफडीपीवरची. हा मंच ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेचे (एकूण ६,००० कोटी रुपये, २०२६-२७ पर्यंत) लाभ त्यावरून मिळतात. नोंदणी घरी मोबाइलवर किंवा सीएससी केंद्रात होते. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक लागतो, बँकेचं पासबुक सोबत ठेवा. नोंदणी फक्त होडीवाल्यांसाठी नाही. मासळी विकणारे, मासळीवर काम करणारे, या साखळीत थेट राबणारे सगळे पात्र आहेत.

सोलण्याचं, सुकवण्याचं काम बचत गटामार्फत किंवा स्वतःच्या छोट्या उद्योगात करत असाल, तर याच योजनेत स्वच्छता आणि गुणवत्तेच्या सुधारणांसाठी अनुदान आहे. महिलांच्या मालकीच्या सूक्ष्म उद्योगाला गुंतवणुकीच्या ३५ टक्के किंवा ४५ लाख रुपये, यात जे कमी असेल ते. लाखांचे आकडे वाचून हे आपल्यासाठी नाही असं वाटणं साहजिक आहे, आणि खरं सांगायचं तर एकट्या बाईला पुढे होऊन एवढी गुंतवणूक करणं कठीणच आहे. गटाने किंवा सोसायटीने मिळून विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

अपघात विमा मात्र प्रत्येकाच्या कामाचा आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास २.५ लाख, आणि अपघातानंतर रुग्णालयासाठी २५,००० रुपये मिळतात. वय १८ ते ७०. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, तुम्ही काही द्यायचं नाही. नाव घालायला राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जावं. खलाशी हंगामाच्या सुरुवातीला होडीवर चढतात; नाव त्याआधी घातलेलं बरं.

होडीवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. कासव सुटकेच्या साधनाचा पूर्ण खर्च मत्स्यसंपदा योजनेतून होतो, ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य. ते लावलं की थोडी कोळंबीही निसटते अशी तक्रार असते. पण अमेरिकेची २०१९ ची बंदी उठायची तर वाट हीच आहे. आणि ४ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने खोल समुद्राचे, म्हणजे १२ सागरी मैलांच्या पुढचे, नवे नियम काढले आहेत. यांत्रिकी आणि मोठ्या मोटरच्या होड्यांना आता प्रवेश पास लागेल. तो मोफत आहे आणि ऑनलाइन मिळतो. बिनमोटरच्या आणि लहान होड्यांना लागत नाही. एलईडी दिव्यांची मासेमारी आणि जोडीने ओढायची ट्रॉल या नियमांत बंद आहे. खोल समुद्रात सोसायट्यांना आणि मच्छीमारांच्या उत्पादक कंपन्यांना प्राधान्य आहे. पासची नोंद एमपीडाच्या पकड प्रमाणपत्राशी जोडली जाणार आहे. म्हणजे सोसायटीची स्वतःची नोंद असेल तर माल थेट कारखान्याला देण्याचा मार्ग निदान कागदावर तरी मोकळा होतो. उचलीची वही मधून गेल्याशिवाय तो प्रत्यक्षात किती मोकळा होईल, हा प्रश्न आहेच, आणि सोसायटीचं खेळतं भांडवल वाढल्याशिवाय तो सुटणार नाही असं माझं मत आहे.

शेवटी एका शब्दाबद्दल, कारण या पानांचं भाषांतर करताना तो रोज अडतो. योजनांच्या मूळ मजकुरात "फिश वर्कर" असं असतं. मराठीत त्याचं "मच्छीमार" करणं सोपं असतं आणि कितीतरी अर्जांत तसं झालं आहे. पण मच्छीमार म्हटलं की बाई म्हणते, ते माझे मालक, मी नाही, आणि फॉर्म नवऱ्याच्या नावाने भरून मोकळी होते. या संकेतस्थळावर आम्ही आता "मत्स्य कामगार" लिहितो. सीएससी केंद्रातल्या मुलाने व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" टाकलं तर तिथेच थांबवा आणि बदलून घ्या: सोलता तर सोलणं, विकता तर विक्री, सुकवता तर सुकवणं. नंतर बदलायला पुन्हा एक खेप पडते, आणि त्या दिवसाची पाळी बुडते.